बिऱ्हाड परदेशी हलवताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरातील सामान आणि पाळीव प्राणी यांच्यासह दुसऱ्या देशात राहायला जाणाऱ्या वाचकांची जी पत्रे आली आहेत, त्यांपैकी बहुतेकांत एक गोष्ट समान दिसते. विमानाची तिकिटे काढून झालेली असतात, नोकरीवर रुजू होण्याचा दिवस ठरलेला असतो, सामान नेणाऱ्या कंपन्यांकडून दरपत्रकेही आलेली असतात आणि सर्वांत शेवटी कुत्र्याचे किंवा मांजराचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो. खरे पाहता हा क्रम उलटा असायला हवा. अधिक पैसे मोजून सामान लवकर पोहोचवता येते, परंतु लसीनंतरचा आणि रक्तचाचणीनंतरचा काळ कोणत्याही उपायाने कमी करता येत नाही. म्हणून येथे प्राण्यांविषयीचे प्रश्न आधी घेतले आहेत आणि त्यांना जागाही अधिक दिली आहे.

प्रश्न : आमचा कुत्रा सहा वर्षांचा आहे. त्याला दरवर्षी रेबीजची लस देतो, मात्र मायक्रोचिप कधी बसवलेली नाही. दोन महिन्यांनी आम्ही युरोपीय संघातील एका देशात राहायला जात आहोत. रेबीजचा धोका आटोक्यात मानलेल्या देशांची संघाची जी यादी आहे, तिच्यात आमचा सध्याचा देश नाही. लसीकरणाचे कार्ड पूर्ण भरलेले असल्यामुळे अडचण येऊ नये, असे आम्हांला वाटते. हे बरोबर आहे का?

उत्तर : दुर्दैवाने नाही. आपण लसीकरणात कोणतीही कसूर केलेली नाही, तरीही प्रवासाच्या दृष्टीने आपल्या कुत्र्याची आजवरची एकही लस ग्राह्य धरली जाणार नाही. लस ज्या प्राण्याला टोचली तो हाच प्राणी होय, हे सिद्ध करण्याचे साधन म्हणजे मायक्रोचिप. त्यामुळे चिप बसवण्यापूर्वी दिलेली रेबीजची लस कोणत्या प्राण्याला दिली याचा पुरावाच उरत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार असलेली, पंधरा अंकी क्रमांकाची चिप बसवणे. त्यानंतर, हवे तर त्याच दिवशी, पण चिप वाचून क्रमांक नोंदवल्यावरच रेबीजची लस नव्याने द्यावी.

यापुढील टप्पा रक्तचाचणीचा आहे. यादीत नसलेल्या देशातून येणाऱ्या प्राण्याचे रक्त लसीनंतर किमान ३० दिवसांनी काढून युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवावे लागते आणि त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतके असावे लागते. निकाल समाधानकारक आला तरी प्राण्याला लगेच प्रवेश मिळत नाही. रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. म्हणजे चिप आज बसवली, तरी सर्व मिळून किमान चार महिने लागणार. आपल्याकडे दोनच आहेत.

हे थांबणे अनेक वाचकांना निव्वळ सरकारी अडवणूक वाटते, म्हणून त्यामागचे कारण सांगणे आवश्यक आहे. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही आठवडे ते काही महिने जाऊ शकतात आणि त्या काळात प्राणी अगदी निरोगी दिसतो. रक्तचाचणीवरून लस लागू पडली आहे एवढेच कळते. लस देण्याच्या आधीच संसर्ग झालेला नव्हता, हे त्यावरून कळत नाही. ते केवळ काळच दाखवू शकतो. ब्रिटनमध्ये २००० साली पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना सुरू होईपर्यंत बाहेरून येणाऱ्या कुत्र्यामांजरांना सहा महिने विलगीकरणात ठेवले जात असे. आजच्या पद्धतीत हा थांबण्याचा काळ प्राणी बंदिस्त खोलीऐवजी आपल्या माणसांत घालवतो. या बदलामुळे प्राण्यांचे किती हाल वाचले, याचा विचार केला तर चार महिन्यांचे वेळापत्रक जाचक वाटत नाही.

आता आपल्यापुढे दोन मार्ग आहेत. सर्वांनी मिळून प्रवास पुढे ढकलावा किंवा कुटुंबातील एकाने कुत्र्यासह मागे राहावे. मालकाने पुढे जावे आणि कुत्रा नंतर एकटा पाठवावा, असाही विचार आपल्या मनात येईल. परंतु प्राण्याचा प्रवास मालकाच्या प्रवासापासून पाच दिवसांच्या आत झाला तरच तो खासगी प्रवास मानला जातो. त्याहून अधिक अंतर पडल्यास व्यापारी आयातीचे, अधिक कडक नियम लागू होतात. आपण लेखी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती कुत्र्याला घेऊन येऊ शकते, पण तिच्यासाठीही पाच दिवसांचे बंधन आहेच. शेवटचा कागद म्हणजे सरकारी पशुवैद्यकाने दिलेले किंवा प्रमाणित केलेले आरोग्य प्रमाणपत्र. ते दिल्यापासून दहा दिवसांच्या आत प्रवेशाच्या ठिकाणी पोहोचावे लागते, म्हणून ते फार आधी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

हे नियम युरोपीय संघाचे आहेत. दुसऱ्या देशाचे नियम यावरून गृहीत धरू नयेत. जपानमध्ये रेबीजमुक्त म्हणून मान्य नसलेल्या प्रदेशांतून प्राणी न्यायचा असेल, तर चिपनंतर दोन लसी, मग रक्तचाचणी आणि रक्त काढल्यापासून १८० दिवसांची प्रतीक्षा आवश्यक असते. शिवाय पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तेथील पशुविलगीकरण सेवेला सूचना द्यावी लागते. ऑस्ट्रेलिया ठरावीक मान्य देशांतूनच थेट कुत्री-मांजरे स्वीकारतो आणि आल्यानंतर बहुतेक प्राण्यांना मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील केंद्रात किमान दहा दिवस किंवा, ओळख पटवण्याची पूर्वप्रक्रिया केलेली नसल्यास, तीस दिवस काढावे लागतात. अमेरिकेने ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांहून लहान कुत्र्यांना प्रवेश बंद केला आहे, हे पिल्लू नुकतेच घरी आणलेल्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : आमची मांजर चौदा वर्षांची असून अत्यंत भित्री आहे. प्रवास लांबचा आहे. तिला गुंगीचे औषध देऊन नेणे अधिक सुखकर ठरेल का?

उत्तर : गुंगीचे औषध देऊ नये. आपली कळकळ समजण्यासारखी आहे, पण या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची क्षमता कमी होते आणि तोल राहत नाही. जमिनीवर अशा प्राण्याकडे कोणी तरी पाहत असते. विमानाच्या मालकक्षात उड्डाण सुरू असताना कोणीही जवळ नसते. गुंगीत असलेला प्राणी बहुतेक विमान कंपन्या स्वीकारत नाहीत, त्याचे कारण हेच आहे. प्राणी ठेवतात त्या मालकक्षात हवेचा दाब प्रवासी कक्षाइतकाच असतो आणि तापमानही राखले जाते, त्यामुळे भीती बाळगायची ती तिथल्या हवेची नव्हे, तर विमानात चढवण्यापूर्वी धावपट्टीजवळ उन्हात किंवा थंडीत होणाऱ्या खोळंब्याची. म्हणून शक्यतो थेट उड्डाण घ्यावे आणि कडक उन्हाळ्यात दुपारचा प्रवास टाळावा.

औषधाची जागा सवयीने भरून काढता येते आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची तयारी आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमांनुसार पिंजरा एवढा असावा लागतो की प्राणी त्यात नैसर्गिकपणे उभा राहू शकेल, वळू शकेल आणि पाय पसरून झोपू शकेल. हवा खेळण्यासाठी चारही बाजूंना झरोके असावेत आणि पाण्याचे भांडे दार न उघडता बाहेरून भरता यावे. असा पिंजरा प्रवासाच्या दोन-तीन महिने आधीच आणून तिच्या नेहमीच्या झोपण्याच्या जागी, दार काढून, ठेवावा. त्यात तिचे अंथरूण घालावे आणि खाणेही तिथेच द्यावे. सुरुवातीला ती फिरकणार नाही. हळूहळू आत झोपू लागली की दार बसवावे, मग काही मिनिटे लावून घ्यावे, पुढे तास-दोन तास. प्रवासाच्या दिवशी तो पिंजरा तिच्यासाठी परका नसेल, तर भीतीचा मोठा भाग तिथेच सरलेला असतो. निघण्यापूर्वी काही तास हलके खाणे द्यावे, पाणी मात्र तोडू नये.

वयाचा प्रश्न वेगळा आहे. चौदा वर्षांच्या मांजरीच्या मूत्रपिंडाची, हृदयाची आणि थायरॉइडची तपासणी आताच करून घ्यावी आणि निकाल पाहून पशुवैद्यकांनी प्रवास टाळण्याचा सल्ला दिला, तर तो मानावा. चपट्या नाकाच्या जातींबाबत, मग ती पर्शियन मांजर असो वा पग कुत्रा, श्वसनमार्ग अरुंद असल्यामुळे उष्णता आणि ताण यांचा धोका अधिक असतो. अनेक विमान कंपन्या अशा जातींना मालकक्षातून नेत नाहीत. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत विमानाने येणारा प्राणी मालवाहतूक म्हणूनच आणावा लागतो, तेव्हा मांडीजवळ घेऊन जाऊ, अशी योजना मनात असल्यास ती आधी पडताळून पाहावी.

प्रश्न : माझ्याकडे वीस वर्षांपासून एक आफ्रिकन राखाडी पोपट आहे. त्याला नेता येईल का?

उत्तर : संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या साइट्स करारात हा पोपट जानेवारी २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात, आहे. अशा पक्ष्याला सीमा ओलांडताना पाठवणाऱ्या आणि स्वीकारणाऱ्या अशा दोन्ही देशांचे परवाने प्रवासापूर्वी हाती असावे लागतात आणि त्यासाठी तो कायदेशीर मार्गाने मिळाल्याचा, शक्यतो बंदिस्त अवस्थेत जन्मल्याचा, पुरावा मागितला जातो. याशिवाय बर्ड फ्लूमुळे पक्ष्यांच्या आयातीवर वेळोवेळी निर्बंध येतात, ते वेगळेच. वीस वर्षांपूर्वीची पावती किंवा पायातील कड्याची नोंद आपल्याकडे असल्यास अर्ज आजच करावा. नसल्यास, लपवून नेण्याचा विचारही करू नये. पक्षी जप्त होतो आणि पुढे त्याचे काय होईल, हे आपल्या हाती राहत नाही. हा पक्षी माणसाला विलक्षण जीव लावतो, अचानक ताटातूट झाली तर स्वतःची पिसे उपटू लागतो. म्हणून तो मागे ठेवावा लागणार असेल, तर पोपट पाळण्याचा अनुभव असलेले घर काही महिने आधी शोधावे आणि आपण असतानाच त्याची तेथे ये-जा सुरू करावी.

प्रश्न : सामानासाठी पूर्ण कंटेनर घ्यावा की इतरांबरोबर वाटून? आणि नेमके काय न्यावे, काय नेऊ नये?

उत्तर : समुद्रमार्गे घरसामान नेताना आकारणी होते ती मुख्यतः जागेची. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर आणि चाळीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ६७ घनमीटर जागा असते. मात्र खुर्च्यांचे पाय आणि खोक्यांमधील फटी यांमुळे ती सगळी कधीच वापरता येत नाही. सामान दहा-बारा घनमीटरच असेल, तर सामायिक कंटेनर स्वस्त पडतो, पण तो भरेपर्यंत सामान गोदामात थांबते आणि चढउतारही अधिक वेळा होते. मोडण्याजोगे सामान पुष्कळ असल्यास मी पूर्ण कंटेनरच घ्यायला सांगेन, कारण तो आपल्या दारात बंद होतो आणि सीमाशुल्क तपासणी सोडल्यास नव्या दारातच उघडतो. हवाई मार्गाने हलके पण फुगीर सामान महाग पडते, कारण एका घनमीटरला सुमारे १६७ किलो धरून आकारणी होते. उशा-गाद्या विमानाने पाठवणे म्हणजे बहुतांशी हवेचेच भाडे भरणे होय.

विजेच्या उपकरणांबाबत लोक व्होल्टेज पाहतात, पण वारंवारता विसरतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो. ५० हर्ट्झचे ६० हर्ट्झ करत नाही. त्यामुळे मोटरवर चालणारी अनेक जुनी उपकरणे नव्या देशात वेगाने किंवा मंद चालतात आणि तापतात. अशी उपकरणे येथेच द्यावीत. धुलाई यंत्र नेणारच असाल, तर त्याचा ड्रम जखडणारे मूळ बोल्ट शोधून बसवावेत. यंत्र आणि फ्रीज दोन्ही आतून पूर्ण कोरडे करावेत, कारण बंद कंटेनरमध्ये रात्री छताला दव धरते आणि ते सामानावर ठिबकून बुरशी येते. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरमध्ये टांगायला सांगाव्यात. रंगाचे डबे, गॅसची नळकांडी, फवारे, बिया आणि खाद्यपदार्थ सामानात नसावेत.

प्रश्न : आम्ही ऑस्ट्रेलियाला जात आहोत. आमच्याकडे शिसवी कोरीव पेटी, सायकली, बागकामाची हत्यारे आणि वेताच्या टोपल्या आहेत. तपासणीत अडचण येईल का?

उत्तर : स्वच्छ नसल्यास हमखास येईल. तेथील जैवसुरक्षा अधिकारी माती, बिया आणि किडी यांचा शोध घेतात. चिखल लागलेले एक फावडेही सबंध सामान थांबवण्यास पुरेसे होते आणि स्वच्छतेचा खर्च मालकाकडून वसूल केला जातो. सायकलीच्या टायरमधील खाचा, बुटांचे तळ आणि तंबूच्या शिवणी ब्रशने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. वेताच्या टोपल्या माझ्या मते नेऊच नयेत. लाकडात बारीक छिद्रे आणि खाली भुसा दिसला, तर पेटी पाठवण्यापूर्वी तिच्यावर मान्यताप्राप्त धुरी प्रक्रिया करून घ्यावी.

लाकडी पॅकिंगचा नियम वेगळा आहे. सामान ज्या कच्च्या लाकडाच्या खोक्यात किंवा फळ्यांवर ठेवतात त्या लाकडावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा, गव्हाच्या लोंबीचे चित्र असलेला शिक्का लागतो. हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानात सलग ३० मिनिटे तापवलेले असते किंवा त्यावर मान्य धुरी दिलेली असते. हा शिक्का आपल्या पेटीला लागत नाही, तिच्याभोवतीच्या खोक्याला लागतो. पेटी मात्र शिसवी आहे आणि शिसम ज्या डाल्बर्जिया या वनस्पती-वंशात येतो तो सबंध वंश २०१७ पासून साइट्स कराराच्या कक्षेत आहे. दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना सवलत आहे. कोरीव पेटीतील लाकूड सहज त्याहून अधिक भरेल. तेव्हा निर्यात परवान्याची चौकशी सामान बांधण्याआधीच करावी. पेटीवर हस्तिदंताचे काम असल्यास अधिकच सावध राहावे.

प्रश्न : विमा खरोखर आवश्यक आहे का? वाहतूक कंपनी जबाबदार नसते का?

उत्तर : असते, पण फार मर्यादित. हवाई मालाबाबत माँट्रियल करारानुसार डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा किलोमागे २६ विशेष आहरण अधिकार, अर्थात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबाच्या २६ एककांइतकी आहे. समुद्रावर ती साधारणतः त्याहून पुष्कळ कमी असते. आणखी एक जुना सागरी नियम अनेकांना ठाऊक नसतो. जहाज आणि माल वाचवण्यासाठी असाधारण खर्च करावा लागला, तर तो जहाजमालक आणि सर्व मालधनी यांच्यात वाटला जातो. त्याला जनरल अ‍ॅव्हरेज म्हणतात. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हन जहाजाबाबत तो लागू केला गेला. अशा वेळी आपल्या खोक्यांना ओरखडाही आला नसला, तरी हमी दिल्याशिवाय ती सुटत नाहीत. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

विमा घेताना तो सर्व धोक्यांचा आहे की जहाज बुडाल्यासारख्या संपूर्ण नुकसानीपुरताच, हे वाचून पाहावे. आपण स्वतः बांधलेल्या खोक्यांतील फुटतूट बहुतेक विम्यांत धरली जात नाही, म्हणून काच आणि चिनी मातीची भांडी कंपनीच्याच माणसांकडून बांधून घ्यावीत. सामानाची यादी खोक्यानिशी आणि किमतीसह करावी. 'किरकोळ' असे लिहिलेल्या खोक्यातील वस्तूचा दावा सिद्ध होत नाही. हीच यादी सीमाशुल्काच्या सवलतीसाठीही लागते. युरोपीय संघात ही सवलत मिळण्यासाठी आपण किमान बारा महिने संघाबाहेर राहिलेले असावे, वस्तू किमान सहा महिने वापरातील असाव्यात आणि त्या नंतर बारा महिने विकू नयेत, अशा अटी आहेत. नव्या घरासाठी म्हणून निघण्यापूर्वी खरेदी केलेल्या कोऱ्या वस्तू या सवलतीत बसत नाहीत.

प्रश्न : सामान बांधण्याच्या दिवसात प्राण्यांना कसे सांभाळावे?

उत्तर : घरात ठेवूच नयेत, हे उत्तम. दारे दिवसभर उघडी असतात, अनोळखी माणसे वावरत असतात आणि मांजर घाबरून निसटते ती नेमकी याच दिवशी. ओळखीच्या घरी पाठवणे शक्य नसल्यास एक खोली सर्वांत आधी रिकामी करून प्राण्याला तिच्यात ठेवावे, दाराला कुलूप लावावे आणि वर चिठ्ठी चिकटवावी. त्याचे रोजचे अंथरूण न धुता आपल्या हातातील सामानात घ्यावे. कंटेनर पोहोचायला आठवडे लागतात आणि नव्या घरात ओळखीचा वास लगेच हवा असतो. मूळ प्रमाणपत्रे, रक्तचाचणीचा निकाल आणि लसीची नोंद हेही हातातच ठेवावे, त्यांच्या प्रती वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. नव्या घरी मांजराला पहिले काही दिवस एकाच खोलीत राहू द्यावे आणि कुत्र्याला पट्ट्याशिवाय बाहेर सोडू नये. पोहोचल्या दिवशीच चिपच्या नोंदणीतील पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक बदलावा, शक्य असल्यास नव्या देशातील नोंदवहीतही चिपची नोंद करावी. चिप जन्मभर शरीरात राहते, पण तिच्यापुढे जुन्या देशातील बंद पडलेला क्रमांक असेल, तर प्राणी ज्याला सापडला त्याला आपल्यापर्यंत पोहोचता येत नाही.